डबा फोडला की वय चालू

आमच्या मालकांच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी होती, आणि त्या पिशवीला डाग पडू नये म्हणून वरून आणखी एक पिशवी होती. आवाज वाढवायचा तर अंगठा दुखेपर्यंत बटण दाबायला लागायचं. सोफ्यावर कंपनीचं प्लास्टिक, फ्रिजच्या दारावर कंपनीचं स्टिकर, स्कूटरच्या सीटवर शोरूममधून आलेलं कव्हर. ते कव्हर उन्हानं तडकून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या, तरी काढलं नव्हतं. मी पहिल्यांदा त्या घरात गेले तेव्हा उन्हाळा होता. सोफ्यावरून उठताना ते प्लास्टिक पाठीला चिकटून माझ्याबरोबर वर आलं आणि मी खळखळून हसले. आता ते आठवलं की हसू येत नाही. चीड येते.

मी कोडोलीची. बारावी झाल्यावर रोज एसटीनं कोल्हापुरात यायचे आणि शाहूपुरीतल्या त्यांच्या दुकानात काउंटरला उभी राहायचे. मोबाइल, पॉवर बँक, इमर्जन्सी लाइट, दाढीची मशिनं, गाणी वाजवायचे छोटे स्पीकर, असला सगळा चार्जिंगचा माल. पुढं दुकान, मागं घर, मधल्या दाराला पडदा. पडद्यामागं मालकीणबाई, आमच्या काकी. त्यांची एकुलती एक मुलगी पुढं लग्न होऊन बेळगावला गेली. मी तिला ताई म्हणायचे.

मालक जयसिंगपूरकडचे जैन. दिवस मावळायच्या आत जेवण, सकाळी देवळात गेल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडायचं नाही. कुणाच्या अडचणीला धावून जातील, मयताला खांदा द्यायला पहिले. गल्लीत त्यांना देवमाणूस म्हणायचे. अजून म्हणतात. ते आहेत, दुकान आहे, मी तेवढी तिथं नाही. का नाही, तेच सांगायला बसले आहे.

त्यांच्या जगात वस्तू दोनच प्रकारच्या होत्या. कोरी आणि उष्टी. डब्यावरची चिकटपट्टी शाबूत आहे तोवर आतली वस्तू कोरी. मग तो डबा कधी आला, कुठं पडून होता, त्याच्यावरून किती उन्हाळे गेले, याच्याशी काही देणंघेणं नाही. "डबा फोडला की वय चालू," ते म्हणायचे. "तवर वस्तू जन्मालाच आलेली न्हाई."

वस्तू विकली की ते गिऱ्हाइकासमोर डबा स्वतःच्या हातानं फोडायचे. आपल्याकडं कोऱ्या कापडाला अंगावर घालायच्या आधी हळदीकुंकू लावतात, तसं ते त्या मोबाइलला, त्या स्पीकरला कुंकवाचं बोट लावायचे. गल्ल्याजवळ त्यासाठी एक करंडा ठेवलेला होता. "झाला जन्म," म्हणायचे, आणि हसायचे. गिऱ्हाइकं खूश व्हायची. मलाही सुरुवातीला ते फार गोड वाटायचं.

महापुरात त्यांच्या तळघरातला सगळा माल पाण्यात गेला. तेव्हापासून पाण्याची त्यांनी अशी धास्ती घेतली की पुन्हा म्हणून काही खाली ठेवलं नाही. दुकानावर पत्र्याचा पोटमाळा काढला आणि सगळा माल तिथं रचला. कोल्हापूरचा पाऊस, भिंतींना येणारी ओल, कपाटातली बुरशी, हे सगळं मालाचं दुश्मन. ऊन मात्र त्यांच्या हिशेबी मित्र. "वर कशी कोरडी ऊब हाय," म्हणायचे. एप्रिल-मे महिन्यात त्या पोटमाळ्यावर डबा काढायला मी चढायचे तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी यायची. डब्याला हात लावला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखा. त्या ऊबेत तो माल वर्षानुवर्षं कोरा राहायचा.

एकदा पुण्याहून कंपनीचा माणूस आला. माल कसा ठेवलाय ते बघायला शिडीनं वर चढला आणि रुमालानं मान पुसत खाली आला.

"शेठ, वर भट्टी आहे."

"पाण्यापासनं लांब हाय की," मालक म्हणाले.

"पाणी राहू द्या. बॅटरीला उष्णता मारते. या लिथियमच्या बॅटऱ्या डब्यात बसल्या जागी म्हाताऱ्या होतात. वापरा नाहीतर नका वापरू. पडून पडून थोड्या थोड्या उतरतही जातात. पार रिकामी झाली ना, की आतलं सर्किट तिला परत चार्जच होऊ देत नाही. गार जागी ठेवा. आणि जो माल लवकर जाणार नाही, तो अधूनमधून काढून अर्धा चार्ज करून परत ठेवत जा."

"काढून म्हंजे? डबा फोडून?"

"हो."

मालकांचा चेहरा असा झाला की जणू त्यानं देवळात चप्पल घालून फिरा म्हणून सांगितलं.

"आनि मग गिऱ्हाइकाला काय आमचं उष्टं द्यायचं?"

तो माणूस हसला. त्याला वाटलं शेठनी विनोद केला. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं. त्याला चहा पाजला, वर लाडू बांधून दिला, आणि तो गल्लीच्या वळणाला लागायच्या आत मालकांनी मला लेबलांचा गठ्ठा दिला. डब्यावर जिथं माल कधी तयार झाला तो महिना छापलेला असतो, तिथं किमतीचं लेबल लावायचं.

"मालक, तारीख झाकली जातीय," मी म्हटलं.

"जन्माच्या आदीची तारीख कशाला पायजे कुणाला?"

यात आपण काही लबाडी करतोय असं त्यांना वाटत नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगत नाही. लबाड माणूस परवडला. पकडला गेला की निदान खाली तरी बघतो. हे आपले गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून, अगदी स्वच्छ मनानं, मेलेला माल कोरा म्हणून द्यायचे. माल परत घेऊन कुणी आलं की त्यांना मनापासून आश्चर्य वाटायचं आणि चूक नेहमी समोरच्याचीच निघायची.

शाहूवाडीकडचा एक म्हातारा मला अजून दिसतो. आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात. भाताच्या शेतात गवे उतरतात म्हणून त्यानं चार्जिंगची मोठी बॅटरी नेली होती. भर पावसात, दोन एसट्या बदलून, ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून परत घेऊन आला.

"बांधापत्तर जाईस्तवर इझली की ही. म्होरं गवा हुबा, आनि मी आंधारात."

"पयल्या दिवशी रातभर चार्जिंगला लावलीती का?" मालकांनी विचारलं.

"आमच्यात रातभर लाईट कुठली वो?"

"मग झालं तर. पयलं चार्जिंग पुरं झालं न्हाई की बॅटरी मरती. चूक तुमची हाय, पावणं."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याला ते पटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. चहा पिऊन, वर नमस्कार घालून तो त्या मेलेल्या बॅटरीसकट पावसात निघून गेला. पडद्याआडून काकी हे बघत होत्या. ऐकू येत नव्हतं, पण बघितल्यावर त्यांना सगळं समजायचं.

तर काकी.

माझ्या आईपेक्षा थोड्या मोठ्या. अंगानं लहानशा, आणि गालातल्या गालात हसायची सवय. आमच्या भागात बायकासुद्धा येतो-जातो म्हणतात, तशाच काकी: "मी जेवलो", "मी झोपलोतो". शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी सहा कपांचा संच स्टिकरसकट मांडलेला, आणि काकी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायच्या. कपाटात लग्नातले शालू घडी न मोडलेले. मी एकदा विचारलं, काकी, या घरात काहीच कसं वापरायला काढत नाहीत? तर म्हणाल्या, "काढलीया की एक वस्तू. मला."

ताईचं लग्न ठरायच्या वर्षभर आधीच त्यांना कमी ऐकू यायला लागलं. हळूहळू एवढं कमी झालं की मालक त्यांना हाक मारायच्या ऐवजी रुमाल हलवायला लागले. मग रुमाल हलवण्यापुरतंच त्यांचं बोलणं उरलं. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, आणि लवकर लावा, नाहीतर मेंदूची ऐकायची सवय मोडते.

यंत्र शोधायला लांब जायला नको होतं. चार्जिंगची कानाची यंत्रं मालकांनी एका प्रदर्शनातून दुकानासाठी उचलली होती. कानामागं बसणारं मशीन, कानात जाणारं रबरी टोक, आणि चष्म्याच्या डबीसारखी डबी, त्यात ठेवलं की चार्ज होणार. त्यातलं सगळ्यात भारी यंत्र मालकांनी बाजूला काढलं. "हे घरच्यांसाठी," मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला काकींचा हेवा वाटला. आणि ते यंत्र त्यांनी पोटमाळ्यावर ठेवून दिलं.

"लावायचं न्हाई?" मी विचारलं.

"लावायचं की. चांगला दिवस बघून लावू. डबा फोडला की वय चालू."

ताईचं लग्न हा चांगला दिवस होता, पण गर्दीत हरवेल म्हणून नाही. ताईची ओटी भरली तेव्हा पावसाळा होता, यंत्राला ओल लागेल म्हणून नाही. नातीचं बारसं बेळगावला झालं, प्रवासात आपटेल म्हणून नाही. दरवेळी काकी विचारायच्या आणि दरवेळी मालक बोटानं वर पोटमाळा दाखवून हसायचे, काहीतरी मोठी गंमत राखून ठेवल्यासारखे. त्यांचं काकींवर प्रेम होतं असं लोक म्हणतात. असेल. ते प्रेमही त्यांनी फोडलं नव्हतं.

काकींना दुसरं काही नको होतं. टीव्ही नको, देवळातलं प्रवचन नको. "पोरगी बोलायला लागायच्या आत मला कान पायजेत," एवढंच त्या म्हणायच्या. तिकडं आजीला अज्जी म्हणतात. नातीच्या तोंडून अज्जी ऐकायचं होतं त्यांना. तेवढ्यासाठी त्या त्या पोटमाळ्याकडं बघत बसायच्या.

शेवटी नातीच्या पहिल्या वाढदिवसाला डबा खाली आला. ताई, जावई, नात कोल्हापूरला आलेली, गल्लीतली दहाबारा माणसं जमलेली. मालकांनी पांढरा झब्बा घातला होता. पाटावर डबा ठेवला, चिकटपट्टी कापली, यंत्राला कुंकू लावलं. काकींनी पदर डोक्यावर घेतला, लग्नात घेतात तसा. मी यंत्र डबीत ठेवून वायर लावली. डबीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. मी वायर बदलली, दुसऱ्या बटणावर लावली. काही नाही.

"मालक, दिवा लागत नाही."

"दिवसाउजेडी दिसत न्हाई दिवा. आन हिकडं."

थोडा वेळ तसंच ठेवून त्यांनी ते स्वतःच्या हातानं काकींच्या उजव्या कानाला लावलं, रबरी टोक आत दाबलं, आणि दोन पावलं मागं सरून विचारलं, "काय गं, येतंय का ऐकू?"

सगळे काकींच्या तोंडाकडं बघत होते. काकींनी सगळ्यांकडं बघितलं. मग मालकांकडं. मालक हात जोडल्यासारखे उभे होते.

"व्हय की," काकी म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. ताई रडायला लागली. मालकांनी डोळे पुसले आणि पेढे वाटायला घेतले. मी स्वयंपाकघरात पाणी आणायला गेले तेव्हा माझ्या हातून पातेल्यावरची झाकणी फरशीवर पडली. बाहेरची सगळी माणसं दचकली. काकी दारात माझ्याकडं पाठ करून उभ्या होत्या. त्या हलल्यासुद्धा नाहीत.

पाहुणे गेल्यावर मी त्यांच्या समोर उभं राहून, ओठ मोठे हलवून विचारलं, "काकी, खरं सांगा. येतंय ऐकू?"

"न्हाई. आदी जे काय थोडं यायचं ते बी बंद झालं. बूच घातल्यागत झालंय."

"मग सांगा की त्यांना!"

"एवढी वर्सं माझ्यासाठी जपून ठेवलंतं त्येनी. मेलेलं निघालं म्हणून सांगू? खचतील की. आनि सांगितलं तरी खरं मानणार न्हाईत, माझ्या कानालाच बोल लावतील." मग माझा हात धरला. "माझी शप्पत हाय तुला."

मी ते यंत्र राजारामपुरीत दुरुस्तीवाल्याकडं गुपचूप नेऊन दाखवलं. आतली बॅटरी फुगली आहे, बदलता येत नाही, दुसरं घ्या, म्हणाला. मी दुसरं आणते म्हटलं तर काकी नको म्हणाल्या. दुसरं आणायचं म्हणजे पहिलं मेलंय हे कबूल करायचं. त्या बाईला मी कितीतरी वेळा मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत. पण घरात तीस वर्षं दुसऱ्याचं मन सांभाळलेल्या बाईला शहाणपण कोण शिकवणार?

काकींनी एक पद्धत बसवली. मालक बाहेर गेले की यंत्र काढून ठेवायचं आणि दाराकडं तोंड करून बसायचं. गल्लीत त्यांची छत्री किंवा स्कूटर दिसली की परत कानात. पण मालकांना आता रुमाल हलवायची गरज वाटत नव्हती. ते दुकानातून मोठ्यानं हाक मारायचे, "अगं ए, जरा भाईर ये!" आणि काकी यायच्या. कशा यायच्या? मी काउंटरखालून हात घालून पडदा हलवायचे. त्या पडद्याकडं बघत बसलेल्या असायच्या.

आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की माझ्या हाताच्या मुठी वळतात. मालकांनी काकींना साक्षीला उभं करायला सुरुवात केली. कुणी तक्रार घेऊन आलं, पॉवर बँक फुगली, स्पीकर बोलत नाही, की ते म्हणायचे, "माल पडून खराब होतोय म्हणता? थांबा. हे बघा, आमच्या घरातलं यंत्र. चार-पाच वर्सं डब्यात हुतं. आज कोऱ्यागत चालतंय." हाक जायची, पडदा हलायचा, काकी यायच्या.

"काय गं, ऐकू येतंय न्हवं?"

"व्हय की."

गिऱ्हाइकाला पटायचं. देवमाणसाची बायको कशाला खोटं बोलेल? त्या शाहूवाडीच्या म्हाताऱ्यासारखी माणसं मान डोलावून परत जायची. काकी आत आल्या की माझ्याकडं बघायच्या नाहीत. एकदा तेवढं म्हणाल्या, "पाप लागतंय गं मला." जिच्या कानात बूच, तिलाच पाप लागलं. वरच्या पत्र्याखाली माल भाजत ठेवणाऱ्याला काही लागलं नाही.

दुपारी मालक घटकाभर बँकेत भरणा करायला जायचे. तेव्हा ताईचा फोन यायचा. काकी यंत्र काढून फोन उघड्या कानाला घट्ट दाबायच्या, पण तोवर तो कानही जवळजवळ गेलेला होता. मग फोन माझ्याकडं. मी ऐकायचे आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. ताई म्हणायची, हे काय, आईला यंत्र आहे ना? मी म्हणायचे, फोनवर नीट चालत नाही. एक दिवस पलीकडून बारीक आवाज आला, "अज्जी." मग खिदळणं, मग परत, "अज्जी, अज्जी!"

मी काकींच्या कानाशी ओरडले, "काकी, म्हणाली! अज्जी म्हणाली!"

काकींचे डोळे एवढे मोठे झाले. "कशी म्हणाली? म्हणून दाखीव."

"अज्जी."

"तुझ्या आवाजात न्हवं गं. तिच्या आवाजात."

मी आवाज बारीक केला, बोबडा केला, पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. काकी माझ्या ओठांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि चहा टाकायला उठल्या. नातीचा आवाज मी ऐकला. मी त्यांची कोण? काउंटरवरची पोरगी.

त्या पावसाळ्यात काकींना ताप आला, छातीत कफ भरला. दवाखान्यात ठेवलं, पण डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हा काय ते सगळ्यांना कळलं. बाहेरच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं. बेळगावहून ताई आणि नात सकाळीच पोहोचल्या. जैनांमध्ये जाणाऱ्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणतात. शेवटचा शब्द कानावर तो पडावा. मालक उशाशी बसले. दवाखान्यातून आणल्यावर त्यांनी आठवणीनं ते यंत्र काकींच्या उजव्या कानात घातलं होतं, मंत्र नीट ऐकू जावा म्हणून. आणि त्या कानाशी वाकून, स्वच्छ, ठाशीव आवाजात ते म्हणत होते. त्या मेलेल्या रबरी बुचाला मंत्र ऐकवत होते.

मला शपथ होती. पण शपथ बोलण्याची होती. मी पुढं झाले, वाकले आणि यंत्र काढून घेतलं. मालकांनी वर बघितलं.

"चार्जिंग उतरलं काय?"

मी यंत्र मुठीत घेतलं.

"लाव मग चार्जिंगला. लौकर लाव."

मी ताईला खुणेनं त्या बाजूला बसवलं, म्हटलं, उघड्या कानात मोठ्यानं म्हण. ती म्हणायला लागली. तिच्या मांडीवरची पोर वाकून बघत होती आणि मधेच ओरडली, "अज्जी!" अगदी कानाशी, अगदी मोठ्यानं. काकींनी डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी यंत्र मुठीत धरून उभी होते आणि मालक मला पुन्हा सांगत होते की चार्जिंगला लाव.

सुतक संपल्यावर दुकान उघडलं. मालक वाळले होते, दाढी वाढली होती. गल्लीतले येऊन बसून जायचे. मला त्यांची कीव यायची, आणि ती आली की मी पोटमाळ्याकडं बघायचे, म्हणजे जायची. अशातच एक दिवस कोडोलीकडचाच एक माणूस आला. त्यानं काउंटरवर डबा ठेवला. कानाचं यंत्र, त्याच लॉटमधलं.

"म्हातारीसाठी नेलतं. तुमच्याच हातानं डबा फोडलासा, कुंकू लावलंसा. पर त्यात जीवच न्हाई की."

"चार्जिंग नीट केलं नसशीला."

"सांगितलंसा तसं सगळं केलं. म्हातारी रोज इचारती, लेका, कवा ऐकू यायचं?"

"अवो पावणं, हेच यंत्र आमच्या घरात हाय. तुमच्या डोळ्यानं बघा, मग बोला." आणि ते पडद्याकडं वळले. "अगं ए, जरा भाईर ये!"

आणि माझा हात सवयीनं काउंटरखाली गेला. मी पडदा हलवला.

पडदा थोडा वेळ हलत राहिला आणि थांबला. मालक तसेच त्याच्याकडं बघत उभे होते. मग माझ्याकडं वळले.

"तूच सांग ह्येनला. तू रोज बगत हुतीस. ऐकू येत हुतं का न्हाई तिला?"

"नाही, मालक."

"काय?"

"नाही येत होतं. एक दिवससुद्धा नाही. तुम्ही डबा फोडला तेव्हाच ते मेलेलं होतं. वरच्या पत्र्याखाली मेलं."

"खुळी का काय तू? व्हय म्हणायची की ती. ह्यो सगळा गाव साक्षी हाय."

"तुम्ही खचाल म्हणून म्हणायची."

"मी हाक मारली की यायची."

"मी पडदा हलवायचे. आत्ता हलवला तसा."

मालकांनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा माझ्या हाताकडं. तो माणूस अवघडून गेला होता. त्यानं डबा हळूच पुढं सरकवला आणि विचारलं, "मग परत घेताय न्हवं, शेठ?"

मालकांनी डबा उचलला. खालीवर करून बघितला. मी लावलेल्या लेबलाचा कोपरा नखानं थोडा उचलला. तिथं काय छापलंय ते आता वाचतील, असं मला वाटलं. त्यांनी तो कोपरा अंगठ्यानं परत दाबून बसवला, कापलेल्या चिकटपट्टीवरून बोट फिरवलं आणि डबा त्या माणसासमोर ठेवला.

"डबा फोडलेला हाय, पावणं," ते म्हणाले. "आता परत घेता येत न्हाई."